पाचव्या पेटीची साक्ष

या, जरा जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे यावं, कारण आजचं आख्यान घसा ताणून सांगण्यासारखं नाही. यात देव प्रत्यक्ष येत नाही. येते ती एका मेलेल्या माणसाची साक्ष, आणि ती खोटी पाडायला टपलेली जिवंत माणसं. जे जे दिसलं ते सगळं तुमच्यासमोर मांडीन, मुठीत काही झाकणार नाही. कान देऊन ऐकलंत, तर खुनी कोण ते माझ्याआधी तुम्हीच सांगाल.

तर फोन आला तेव्हा बाई डबा उघडून बसल्या होत्या. बाई म्हणजे खाण सुरक्षा कचेरीतल्या तपासनीस. जमीन हादरली की का हादरली, किती हादरली, हे शोधणं त्यांचं काम. फोनवर फौजदार होते.

"बाई, संध्याकाळच्या आत तुमची सही पाहिजे. उद्या आरोपीला कोर्टात उभा करायचाय."

"आधी खाण बघते."

"बघायचंय काय? सरांचा अहवाल आलाय. तुम्ही फक्त खाली सही मारायची."

"मारायला सही म्हणजे डास नाही," बाई म्हणाल्या आणि डबा बंद केला.

गावाबाहेरची दगडखाण दोघा भावांची होती. दुपारचा सुरुंग उडाला आणि त्याच हादऱ्यात वरचा कडा ढासळला. कड्यावर एक छोटी खोली होती, लांबून सुरुंग बघायची. खोलीसकट थोरले मालक खाली आले. जागच्या जागी गेले. अहवाल म्हणत होता की सुरुंगवाल्याने परवानगीच्या दुप्पट दारू भरली. त्या सुरुंगवाल्याला पोलिसांनी उचललं होतं.

बाईंच्या मनात वेगळंच सलत होतं. गेल्या आठवड्यात याच थोरल्या मालकांचा फोन आला होता. "तुम्हाला एक गोष्ट दाखवायची आहे. फोनवर नको." भेट ठरली होती. भेटीआधीच कडा कोसळला.

खाणीच्या फाटकापाशी धाकटे मालक उभे होते. त्यांनी फाटक उघडलं नाही.

"काय राहिलंय अजून? माझा भाऊ गेला, धंदा बंद पडला. आता तुम्ही येऊन दगड मोजणार?"

"दगड नाही, हादरे मोजणार."

"ते सरांनी मोजले. तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं?"

"नाही. त्यांनीच शिकवलंय मला."

हे खरं होतं. अहवाल लिहिणारे सर म्हणजे कंपनांचे जाणकार, बाईंचे एके काळचे शिक्षक. ते आतून आले आणि धाकट्यांच्या खांद्यावरून म्हणाले, "येऊ द्या तिला. वर्गातही अशीच होती. सोप्या गणिताला फाटे फोडायची आणि बाकीच्यांचा तास खायची."

मग बाईंकडे बघून, "चल, दाखवतो तुझं समाधान होईपर्यंत."

ते पुढे, बाई मागे. ढासळलेल्या कड्याची चढण चांगलीच उभी होती. पासष्टी उलटलेले सर दगडावरून दगडावर झपझप पाय टाकत गेले. बाईंना मध्ये दम खायला थांबावं लागलं. वरून सर म्हणाले, "खुर्चीवर बसून बसून गुडघे गंजले तुझे."

वरून खाण वाडग्यासारखी दिसत होती. समोरच्या अंगाला वस्ती. वस्तीच्या बाजूला एका ओळीत चार पेट्या जमिनीत बसवलेल्या, हादरे ऐकणाऱ्या. प्रत्येक पेटीतून एक पिवळी तार निघून तळातल्या दगडी आडोशात, म्हणजे सुरुंग पेटवताना आसरा घ्यायच्या खोलीत, जात होती. पाचवी पेटी मात्र कड्याच्या पाठीमागे, पंपाच्या ओलसर खोलीत, एकटी. तिला तार नव्हती. ती आपलं ऐकलेलं थेट बाईंच्या कचेरीला कळवायची, बाकीच्या चार पेट्यांचंही आडोशातल्या यंत्रामार्फत तिथेच जायचं. कोणी ते पुसू शकत नव्हतं.

"ही इथे कोणी ठेवली?" बाईंनी विचारलं.

"थोरल्यांची हौस. मला न विचारता आणली. मला कळलं ते अपघातानंतर, नोंदी हातात आल्यावर. बिघडलेली आहे, म्हणून मी ती सोडून दिली."

"बिघडलीय कशावरून?"

"बाकी चारही एक सांगतात, ही भलतंच सांगते. चौघं एकीकडे आणि एक एकीकडे, तर वेडा कोण?"

बाई पंपाच्या खोलीत गेल्या, हातभर उंचीवरून एक दगड जमिनीवर टाकला आणि मोबाइलवर कचेरीतला आलेख उघडून पाहिला. मग तोच दगड दारापाशी टाकला. मग अंगणात. पेटीने तिन्ही वेळा जेवढं सांगायला हवं तेवढंच सांगितलं, ना कमी ना जास्त.

वेडी असली तर ती एकाच दिवसापुरती वेडी झाली होती.

आडोशात जायला धाकट्यांनी कुलूप काढलं, तेही चावी आपटून. आत सुरुंग पेटवायची कळ होती. तिच्या शेजारी सरांचं लोखंडी कपाट, नोंदयंत्राचं. कळीतून एक बारीक तार त्या कपाटात जात होती.

"ही कशाला?"

"सुरुंग नेमका कोणत्या क्षणी पेटला ते यंत्राला कळायला नको?" सर म्हणाले. "हे मी तुला दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं."

"कपाटाची चावी?"

"माझ्याकडे. यंत्र माझं आहे."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. दगडाच्या धुळीने भिंत राखाडी झाली होती. चार पिवळ्या तारा खिळ्यांना अडकवून समोरच्या झरोक्यातून बाहेर पडत होत्या. त्यांच्या खाली, धुळीत, आणखी एक स्वच्छ रेघ होती. तारेच्या जाडीची. कपाटापासून निघून मागच्या झरोक्याकडे गेलेली. तिथे तार नव्हती.

त्यांनी फक्त विचारलं, "त्या दिवशी कळ कोणी दाबली?"

धाकट्यांचा चेहरा तापला. "मी. आमच्याकडे कळ मालकाच्या घरातलाच हात दाबतो. वडिलांपासूनचा रिवाज आहे. सुरुंगवाला तारा जोडून वर रस्त्यावर जातो, लाल झेंडा घेऊन गाड्या अडवतो. मी भोंगा वाजवतो, कळ दाबतो. मग? मी मारलं भावाला, असं म्हणायचंय?"

"सुरुंगवाला झेंडा घेऊन उभा होता?"

"होता. दोन्ही बाजूंच्या गाड्या खोळंबल्या होत्या, हवं तर ड्रायव्हर लोकांना विचारा."

"आडोशात आणखी कोण होतं?"

"सर. नाहीतर ते वरच्या खोलीतच बसतात, तीच त्यांची जागा. त्या दिवशी गुडघा दुखत होता म्हणून खाली थांबले. देवाची कृपा म्हणायची. नाहीतर दोन मढी उचलली असती."

सर खिन्न हसले. बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं ते डोक्यात पक्कं बसलं होतं.

थोरल्यांच्या घरी वहिनींनी दार किलकिलं केलं, तेवढंच.

"धाकट्याने पाठवलंय तुम्हाला?"

"त्यांनी तर मला फाटकातच अडवलं होतं."

दार आणखी जरा उघडलं. वहिनी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत.

"त्या दिवशी ते वर का गेले?"

"सकाळी फोन आला. पलीकडून कोणीतरी म्हणालं असणार की आज वर बसून बघा. हे म्हणाले, बरं, येतो वर, एकदाचा संशय तरी फिटू दे. कोण होतं ते नाही सांगितलं. पण मला सांगायला कशाला हवं? दोघा भावांचं वर्षभर पटत नव्हतं. यांना खाणीचं काम थांबवायचं होतं, त्याला वाढवायचं होतं. तोच."

"थांबवायचं का होतं?"

"वस्तीतल्या भिंतींना तडे जातायत. लोक येऊन रडतात. आणि कागद म्हणतो हादरे मापात आहेत. हे म्हणायचे, कागद खोटं बोलतो की भिंती?"

"संशय त्यांना भावाचा होता, की कागदाचा?"

वहिनींनी दार लावून घेतलं.

कोठडीतला सुरुंगवाला तर त्याहून कडवट. दारू गुंजभरही जास्त घालायचा नाही म्हणून खाणीत सगळे त्याला मोजक्या म्हणत. त्याने भिंतीकडे तोंड करूनच उत्तरं दिली.

"दुप्पट दारू भरलीस?"

"भरली असती तर दगडाचा भुगा झाला असता. ढीग जाऊन बघा. नेहमीएवढेच धोंडे पडलेत."

"तुझ्याशिवाय खाणीत दारू कोण हाताळतं?"

"धाकटे मालक कोठाराला कुलूप लावतात. आणि सर. पेट्या तपासायला ते अधूनमधून बारकुले बार उडवतात, त्यांचा परवाना वेगळा आहे. आता यातून काय निघणार? तुमच्या सगळ्यांचं ठरलेलंच आहे. बायकोला निरोप द्या, लेकीचं लग्न पुढे ढकल म्हणावं."

बाई कचेरीत परतल्या. पाचही पेट्यांच्या नोंदी संगणकात घातल्या. त्यांनी काय केलं ते कळायला सोपं आहे, जरा धीराने ऐका.

समजा बंद दाराच्या आत माणसं बोलतायत आणि तुम्ही बाहेर उभे. कोण कुठे बसलंय ते आवाजावरून ओळखायचंय. पण त्याआधीचा प्रश्न, आत आहेत किती? सर नेहमी आधी आकडा ठरवत. एक धरायचं, मग तो कुठे बसलाय ते शोधायचं. बाईंनी आकडाच मोकळा सोडला. संगणकाला म्हणाल्या, तू एखादा सुरुंग आत आण, एखादा बाहेर काढ, जागा बदल, ताकद बदल. पाचवी पेटी बिघडलेली असू शकते हेही धरून चाल. हजारो वेळा कर, आणि जे ऐकू आलं त्याच्याशी जुळतं का ते दर वेळी बघत जा. मग मला सांग, तू कितींवर रमतोस.

चहा निवेपर्यंत उत्तर आलं. बाईंनी नकाशावर एका जागी बोट ठेवलं आणि फौजदारांना फोन लावला.

"पंपाच्या खोलीच्या वरच्या अंगाला, कड्याच्या बुडाशी, जुना पाण्याचा चर आहे. तिथला राडारोडा उपसायला माणसं लावा. आणि थोरल्यांच्या फोनवर त्या सकाळी कोण बोललं ते काढा."

"बाई, माझ्या माणसांना दुसरे उद्योग नाहीत का?"

"निरपराध माणूस कोर्टात उभा करण्यापेक्षा हा उद्योग बरा."

फौजदारांनी फोन आपटला. पण माणसं लावली.

संध्याकाळी आडोशात सगळे जमले. फौजदार, धाकटे, सर, कोपऱ्यात पदर घट्ट लपेटलेल्या वहिनी, बेड्यांसकट मोजक्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"सही करणार की नाही?" फौजदार म्हणाले.

"नाही. अहवालात एक सुरुंग आहे. त्या दुपारी दोन उडाले."

सर मोठ्याने हसले. "मला वाटलंच होतं. अगं, एकाऐवजी दोन धरलेस की जास्त जुळणारच. तीन धरलेस तर आणखी जुळेल. दहा धर, प्रत्येक पेटीच्या प्रत्येक थरथरीला एकेक सुरुंग दे. हे तुला मी शिकवायचं अजून?"

"बाई, हे पटतंय मला," फौजदार म्हणाले. "हवं तेवढं वाढवत नेलं तर काहीही सिद्ध होईल."

"म्हणूनच मी वाढवलं नाही. आकडा मी दिलाच नाही. जास्त पाहुणे बोलावले की घर भरतं खरं, पण प्रत्येकाला बसायला जागा दाखवावी लागते. जागा जितक्या जास्त संभवतात, तितका आपला विश्वास पातळ होत जातो. गर्दी फुकट मिळत नाही, सर. ते हिशेबातच येतं."

"मग काय आलं तुझ्या हिशेबात?"

"एकावर तो टिकलाच नाही. पाचवी पेटी बिघडली असं मानून बघायची मुभा दिली होती, तरी टिकला नाही. दोनवर घर करून राहिला, आणि दोघांच्या जागा हलेनात. पहिला मोजक्याचा, नेहमीच्या ताकदीचा. दुसरा त्याच्या मागोमाग, पापणी लवायच्या आत, कड्याच्या बुडाशी. लहान, पण त्या भेगाळलेल्या कड्याला पुरेसा."

"आणि तीन?"

"तीनवर जायचा अधूनमधून. पण तिसरा नुसता भटकायचा. कधी वस्तीत, कधी रस्त्यावर, कधी पहिल्याच्याच अंगावर. ज्याला स्वतःची जागा नाही, तो पाहुणा आलेलाच नसतो."

फौजदारांनी खुर्ची पुढे ओढली.

"ठीक. बार दोन. म्हणजे माणसंही दोन. एकाने कळ दाबली, एकाने तारा जोडल्या. धाकटे मालक आणि हा मोजक्या."

"मला माहीतच होतं," वहिनी म्हणाल्या. "भावाचा जीव घेतलास तू."

"तोंड सांभाळा वहिनी," धाकटे उठले. "त्याच्या चितेला मी अग्नी दिलाय."

"पेटवायची सवयच आहे तुला."

मोजक्याने बेड्या उचलून दाखवल्या. "बघा. एकदा एक म्हणून मी. आता दोन म्हणूनही मीच."

"खाली बसा सगळे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण सगळे बसले. "बार दोन निघाले म्हणून माणसं दोन, हे कोणी सांगितलं? तो आकडाही मोकळा सोडा. काय काय समजावून सांगायचंय ते आधी बघू. दुसरा बार त्याच कळीवर पेटला, नाहीतर एवढा लागून आला नसता. मोजक्याच्या जोडणीला हात लागला नाही, कारण तार कळीपासून निघालीच नाही. ती या कपाटातून निघाली. कळीतून कपाटात जाणारी बारीक तार सगळ्यांना ठाऊक आहे. कपाटातून पुढे आणखी एक कुठे जाते, ते कोण विचारणार? ती धुळीतली रेघ बघा. मागच्या झरोक्यातून कड्याकडे. पिवळ्या तारा तर खाणभर पसरलेल्या, आणखी एक कोणाच्या डोळ्यावर आली नाही."

फौजदार उठून भिंतीपाशी गेले. बोट फिरवून धूळ पाहिली.

"कपाटाची चावी एकाकडे. छोट्या बारांचा परवाना त्याच एकाकडे. वरच्या खोलीत नेहमी बसणारा तोच, आणि त्या एका दिवशी गुडघ्याचं निमित्त करून खाली थांबला तोही तोच. आज दुपारी त्याच गुडघ्यांनी मला कड्यावर मागे टाकलं."

सरांनी पाय आपोआप खुर्चीखाली ओढून घेतले.

"धाकट्यांनी कळ दाबली. त्यांना वाटलं एकच बार पेटणार. त्यांना कटात घेतलं काय, न घेतलं काय, दिसणारी एकही गोष्ट बदलत नाही. मोजक्याचंही तेच. दोघंही भटकणारे पाहुणे आहेत, फौजदारसाहेब. त्यांना धरून ठेवायला जागाच नाही."

"कशासाठी करीन मी हे?" सर म्हणाले. आवाज मात्र तासाला बसल्यासारखाच होता.

"वस्तीच्या भिंतींसाठी. वर्षानुवर्षं तुम्ही हादरे मापात आहेत म्हणून लिहून दिलंत. नोंदी आमच्या कचेरीत पडून राहिल्या, वाचला गेला तो तुमचा कागद. थोरल्यांना संशय आला, तो त्यांनी तुम्हाला बोलूनही दाखवला. त्यांनी गुपचूप एक पेटी अशा जागी ठेवली जिथे तुम्ही कधीच ठेवली नव्हती, आणि मला फोन केला. तुमच्या चारही पेट्या एका अंगाला आहेत. तिथून सुरुंगाची जागा आणि कड्याचं बूड एका रेषेत येतात. दोन हादरे एकात मिसळून एकच मोठा दिसतो. ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. पाचवी ठाऊक नव्हती."

तेवढ्यात दारात एक शिपाई आला, कोपरापर्यंत मातीने माखलेला. त्याच्या हातात वीतभर पिवळी तार होती, एक टोक जळालेलं.

"चरात मिळाली साहेब. बाईंनी सांगितलं तिथेच. आणि फोनचं कळलं. सकाळचा फोन सरांचा होता."

वहिनींनी मान वर केली. त्या धाकट्यांकडे बघत होत्या. धाकटे आपल्या उजव्या हाताकडे.

सर बाईंना म्हणाले, "दुसरा कोणीही असता तर एक धरून सही केली असती. तीस वर्षं सगळे एकच धरत आलेत. मीच शिकवलं त्यांना."

"मलाही," बाई म्हणाल्या. "थोरल्यांनी चार पेट्यांवर विश्वास ठेवून थांबायचं नाकारलं, म्हणून मी सुटले."

मोजक्याच्या बेड्या निघाल्या, त्याच सरांच्या हातात पडल्या, आणि फौजदार त्यांना घेऊन गेले. मोजक्याने आभार मानले नाहीत. फाटकापर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला, "बार दोन म्हणालात तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं होतं. माणूस एकच हे आधीच म्हणायला काय झालं होतं?"

"आधी दोन बार ऐकल्याशिवाय एक माणूस खरा ठरत नव्हता."

"लेकीच्या लग्नाला या," तो म्हणाला, शिवी दिल्यासारखा, आणि निघून गेला.

आडोशात दोघंच उरली. वहिनी उठल्या, धाकट्यांपाशी गेल्या, आणि ज्या हाताने कळ दाबली होती तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. तेव्हा ते रडले, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा.

झालं आख्यान. आता एवढंच मागणं आहे. उद्या कधी हात जोडाल तेव्हा त्या थोरल्या मालकांना आठवा. शेजाऱ्यांच्या भिंतींसाठी त्यांनी पंपाच्या ओलीत एक पेटी ठेवली, कोणाला न सांगता. ती त्यांच्याच मरणाचं खरं बोलेल हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी ठेवली. त्यांना आठवा.